गुरुवारची निळी बाटिक

लग्न झाल्यापासून झुरैदाने जेवढा देश पाहिला, तेवढा सगळा नवऱ्याच्या खात्याच्या कृपेने. आणि तो कसा पाहिला, ते तिचं तिलाच ठाऊक. तेमरलोह गावातल्या शेजारणी कुंपणावरून म्हणत, "तुझी मजा आहे बाई, वर्षातून दोनदा समुद्रावरच्या हॉटेलात!" त्यावर झुरैदा नुसती हसायची आणि शिवणयंत्राचं पायडल जरा जास्तच जोरात दाबायची.

तिचा नवरा बद्रुल सरकारी नोकरीत होता आणि त्याच्या खात्याला आपल्या माणसांना शिकवायची भारी हौस होती. फायली कशा लावाव्यात, वेळ कसा पाळावा, दारात आलेल्या माणसाशी गोड कसं बोलावं, या सगळ्याची शिबिरं. ही शिबिरं कचेरीत कधी भरत नाहीत. ती भरतात समुद्रकाठी नाहीतर डोंगरावर, तीही बरोबर शाळांना सुट्टी असताना. मग प्रत्येक जण बायकोपोरांना गाडीत कोंबतो आणि घेऊन येतो. नवरा दिवसभर थंडगार दालनात बसतो, बायको दिवसभर पोरं घेऊन उन्हात हिंडते, आणि या प्रकाराला सगळे मिळून सुट्टी म्हणतात.

झुरैदाचं लग्न झालं तेव्हा मधुचंद्रसुद्धा असाच उरकला होता. कॅमेरनच्या डोंगरात, 'वेळेचं नियोजन' या दोन दिवसांच्या शिबिराला जोडून. नवी नवरी लोकरीचा स्वेटर घालून चहाच्या मळ्याशेजारी एकटी स्ट्रॉबेरी खात बसली होती आणि नवरा आत वेळेचं नियोजन शिकत होता. अकरा वर्षं झाली त्याला. नवऱ्याला तिकडच्या सगळ्याच बायका अबांग म्हणतात आणि थोरल्या भावालाही अबांगच म्हणतात. झुरैदाला कधी कधी वाटे, भावाकडून जेवढी आशा ठेवावी तेवढीच नवऱ्याकडूनही ठेवायची, असाच याचा अर्थ असावा.

या खेपेला शिबिर होतं पोर्ट डिक्सनला, रविवार ते शुक्रवार. विषय फायलींचं वर्गीकरण. झुरैदाने आधी साफ सांगितलं होतं, "मी येणार नाही. तुम्ही जा, फायलींबरोबर खेळा. मी घरी पंखा लावून झोपते." पण पोरांनी घर डोक्यावर घेतलं. घरात तीन पोरं. थोरली अलोंग नऊ वर्षांची, जिला सगळं कळतं आणि जे कळतं ते ती सगळ्यांना ऐकवते. मधला अंगाह सहा वर्षांचा, ज्याच्या डोळ्यांत, कानांत किंवा नाकात सतत काहीतरी गेलेलं असतं. आणि शेंडेफळ अदिक, चार वर्षांचा, गोल तोंडाचा, कोणाच्याही मागे जाणारा. खरी नावं शाळेच्या दाखल्यावर. घरात ज्याचा जो नंबर तेच त्याचं नाव. आणि पोरांच्या तोंडी आई म्हणजे इबू, बाप म्हणजे अबाह.

शेवटी गाडीत बसल्यावर तिने नवऱ्याला धरलं.

"अबांग, सरळ सांगा. या वेळी मला पाण्यात जायला मिळणार आहे की नाही?"

"मिळेल की."

"लंकावीला पण 'मिळेल की' म्हणाला होतात. तेरेंगानूला पण. माझा तो पोहण्याचा पोशाख दोन समुद्र बघून कोरडाच्या कोरडा घरी आलाय. चार वर्षं झाली, त्याचं लेबल अजून काढलेलं नाही."

हे खरं होतं. लांब बाह्यांचा, डोकं झाकणाऱ्या टोपीसकट असलेला तो जांभळा पोशाख प्रत्येक शिबिराला बॅगेच्या तळाशी जाई आणि तळाशीच परत येई. कारण पोरं पाण्यात असताना आईने काठावर उभं राहून डोकी मोजायची असतात.

बद्रुलने आरशातून मागे पाहिलं. "गुरुवारी बारा साडेबाराला आमचं संपतं. दुपार सगळी मोकळी. पोरांना मी सांभाळतो, त्या केळ्याच्या आकाराच्या रबरी होडीत बसवतो. तू जा पाण्यात. तासभर. कोणी हाक मारणार नाही."

"परत म्हणा."

"गुरुवार दुपार तुझी."

"अलोंग, ऐकलंस ना?"

"ऐकलं इबू," अलोंग म्हणाली. "पण अबाह मागच्या वेळी पण असंच बोलले होते."

तेवढ्यात बद्रुलचा फोन वाजला. त्याने एक बोट वर केलं आणि म्हणाला, "एक मिनिट." हे वर केलेलं बोट आणि हे 'एक मिनिट' त्या घरात फ्रीजइतकं जुनं होतं. मिनिट किती लांबेल याचा नेम नसे.

हॉटेलची खोली दोघा अधिकाऱ्यांत एक अशी होती. बद्रुलने आपल्या जोडीदाराला गोड बोलून दुसरीकडे पाठवलं आणि त्या दोन पलंगांवर पाच माणसं मावली. न्याहारीचं कूपन एकच, अर्थात बद्रुलचं. म्हणून झुरैदा घरून भाताचा कुकर घेऊन आली होती, टॉवेलात गुंडाळून, कारण खोलीत शिजवायला मनाई आहे अशी पाटी दारामागे लावलेली असते आणि प्रत्येक शिबिराच्या प्रत्येक खोलीत त्या पाटीखालीच कुकर चालू असतो. भात, सुकं मांस, तळलेली सुकी मासळी, अंडी. आंघोळीच्या खोलीतला पंखा सुरू करायचा, दार लावायचं आणि शिजवायचं. सुट्टीत आराम म्हणजे घरी ओट्याशी उभं राहून करायचं ते इथे फरशीवर बसून करायचं, एवढाच फरक.

बद्रुलही अगदीच हात हलवत येत नसे. चहाच्या सुट्टीत तो कागदी रुमालात गुंडाळलेल्या तीन करंज्या, बटाट्याच्या, खिशातून काढून देई. मग लगेच, "चला, पुढचं सुरू होतंय," आणि गडप. पोरं त्या चेपलेल्या करंज्या खात आणि बाप गेला त्या दाराकडे बघत.

सोमवारी झुरैदाने तिघांना समुद्रावर नेलं. अंगाहच्या डोळ्यात वाळू गेली. अदिकला शू आली, तीही पार पाण्याच्या कडेला पोचल्यावर. अलोंगने फलकावरची जेलीफिशची सूचना मोठ्याने वाचून दाखवली, त्यामुळे अदिकने पाण्यात पाय टाकायलाच नकार दिला. मंगळवारी दीपगृहाचा चढ. अर्ध्या वाटेवर अदिक खाली बसला आणि म्हणाला, माझे पाय संपले. त्याला पाठीवर घेऊन वर जाईतो माकडाने अंगाहची एक चप्पल पळवली. खाली उतरताना अंगाह पाठीवर आणि अदिक कडेवर. बुधवारी लष्कराचं संग्रहालय. तिथे रणगाड्यावर चढलेल्या अंगाहला उतरवायला एका खऱ्या शिपायाला यावं लागलं. तिन्ही दिवस झुरैदा संध्याकाळी खोलीत आली की पलंगावर पडून छताकडे बघत राही. बद्रुल येऊन विचारी, "मग, मजा आली?" आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई.

"मजा? उद्या तुम्ही या ना मजा करायला. मी बसते तुमच्या जागी. फायली लावायला काय लागतं? लाल एकीकडे, पिवळी एकीकडे. आणि फाइल मध्येच शू आली म्हणत नाही."

"गुरुवार येतोय की," बद्रुल म्हणे.

ती गुरुवारची वाट बघू लागली. हसण्यासारखं होतं, तिचं तिलाही कळत होतं. पस्तिशीची बाई, तीन पोरांची आई, अर्ध्या तेमरलोहचे कपडे शिवणारी, आणि तासभर गळ्यापर्यंत पाण्यात बसायला मिळावं म्हणून दिवस मोजत होती. पण होतं ते होतं. त्या एका तासावर तिचा असा काही जीव जडला होता की तो हुकला तर आपण या माणसाशी काय बोलून बसू, याची तिला स्वतःचीच भीती वाटत होती.

अनोळखी जागी पोरं हरवू नयेत म्हणून झुरैदाची एक ठरलेली पद्धत होती. सकाळी बद्रुल खोलीबाहेर पडायच्या आधी ती तिघांना त्याच्यापुढे उभं करी. "बघून ठेवा. अबाहने आज काय घातलंय?" सोमवारी पोरं ओरडली, "पांढरा शर्ट!" मंगळवारी "पिवळा!" बुधवारी कवायत होती, "लाल टी-शर्ट!" चुकलात तर हा रंग शोधायचा आणि जाऊन धरायचा, बास. आजवर ही पद्धत कधी फसली नव्हती.

गुरुवारी पोरं ओरडली, "निळी बाटिक!"

"शाब्बास," झुरैदा म्हणाली.

आता हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या नाही तरी तिच्या. तिकडे दर गुरुवारी सरकारी माणूस बाटिकचा सदरा घालतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि या वर्षी खात्याने सगळ्यांना एकाच ताग्यातलं कापड वाटलं होतं, गडद निळ्यावर पांढरी जास्वंद. त्यातले तेमरलोह कचेरीचे अकरा सदरे झुरैदाने स्वतःच्या हातांनी शिवले होते. बाटिक शिवायची म्हणजे खेळ नव्हे. बटणपट्टीवर दोन्हीकडचं फूल नेमकं जुळावं लागतं आणि खिशाचं कापड असं कापावं लागतं की खिशाखाली झाकलेलं फूल खिशावर पुरं व्हावं. झुरैदाचा खिसा छातीवर शोधून सापडत नसे, इतका तो जुळलेला असे. एवढी डोळस बाई, पण त्या सकाळी तिच्या डोक्यात फक्त समुद्र होता.

साडेबाराला ती तिन्ही पोरांना पोहायचे कपडे चढवून, कमरेला रबरी चाकं अडकवून खाली हॉटेलच्या लॉबीत माशांच्या टाकीपाशी घेऊन आली. बागेत सामुदायिक फोटो चालला होता. साठ माणसं, साठ निळ्या बाटिक. फोटो संपला, घोळका आत आला आणि त्यातून बद्रुल हात हलवत पुढे आला.

"चला!" अंगाह ओरडला.

बद्रुलने एक बोट वर केलं. "एक मिनिट. उद्या सकाळच्या समारोपाला प्रत्येक गटाने गाणं म्हणायचंय. साहेब म्हणतात एकदा तालीम करून टाकू."

"तुम्ही गाता?" झुरैदाने विचारलं.

"मी टाळ्या वाजवतो. दुसऱ्या रांगेत."

"टाळ्या वाजवायला तालीम लागते?"

"अगं, एकाच वेळी वाजायला हव्यात ना. दहा मिनिटं. आलोच."

आणि तो गेला. दाराआडून टाळ्यांचा आवाज यायला लागला. खरंच एकाच वेळी वाजत नव्हत्या. एक वाजला, सव्वा वाजला. अदिकने टाकीतले मासे सहा वेळा मोजले आणि दर वेळी वेगळे भरले. अंगाहने कमरेच्या चाकाची हवा सोडली, झुरैदाने ती फुंकून भरली, त्याने पुन्हा सोडली. दीड वाजला. पोरांनी विचारून विचारून तिला भंडावून सोडलं.

"इबू, अबाह कधी येणार?"

"येतील."

"कधी?"

"मला काय विचारतोस? मी वाजवते का टाळ्या? ते बघ दार. निळी बाटिक दिसली की अबाह आले!" ती खेकसली आणि परत चाक फुंकायला लागली.

गाल फुगवून मान वर केली, तर अदिक निळ्या बाटिकचं बोट धरून बाहेर चालला होता. काचेच्या दारातून, समुद्राच्या दिशेने. बाटिकच्या दुसऱ्या हातातला फोन कानाला होता. आलं एकदाचं ध्यान, झुरैदा मनात म्हणाली, पण थांबून दोघांना घेऊन जायचं सुचलं नाही. फोनवर बोलतच निघाला! मग तिला वाटलं, जाऊ दे. धाकट्याला तरी घेऊन गेलाय न सांगता. बोलल्याप्रमाणे वागलाय. पुढची दहा मिनिटं ती नवऱ्यावर चक्क खूश होती. अकरा वर्षांत असं फार वेळा झालं नव्हतं.

ती अलोंग आणि अंगाहला घेऊन खोलीत गेली. बॅगेच्या तळातून जांभळा पोशाख काढला. शिवणकामाची छोटी कात्री तिच्या पर्समध्ये कायम असे. तिने चार वर्षांचं लेबल कच्चकन कापलं. पोशाख चढवला, आरशात पाहिलं. अलोंग म्हणाली, "इबू, तू वांग्यासारखी दिसतेस." तरीही तिला राग आला नाही.

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि समोर बद्रुल उभा. कोरडा, घामाघूम, टाळ्या वाजवून हात लाल झालेले.

"सॉरी सॉरी, आत्ताच सोडलं. हे काय, अदिक कुठाय?"

झुरैदाला पहिल्यांदा वाटलं की तो चेष्टा करतोय. "तुमच्याबरोबर ना?"

"माझ्याबरोबर? मी आत्ता बाहेर येतोय."

"अबांग, मी बघितलं. तुम्ही त्याला घेऊन गेलात. निळी…"

बद्रुलच्या मागून दालनातून माणसं बाहेर पडत होती. निळी, निळी, निळी. सगळ्यांच्या अंगावर तीच जास्वंद.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात, ते तिला लॉबीच्या संगमरवरावरच कळलं. तिने अंगाहचा हात अलोंगच्या हातात कोंबला, "इथून हलाल तर बघा," म्हणाली आणि समुद्राकडे धावत सुटली. दुसरं कुठे धावणार? चार वर्षांचं पोर, रबरी चाक, आणि पुढे पाणी. बद्रुल उलटा दालनाकडे धावला. आत जाऊन त्याने ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला आणि आपलं पोर खात्यातल्या कोणीतरी नेल्याचं सांगितलं. आत उरलेली सरकारी माणसं आपापल्या आजूबाजूला बघू लागली.

वाळूत ऊन मी म्हणत होतं. झुरैदा आधी पाण्याकडे बघत धावली. लाल चाक कुठे दिसतंय का. चार लाल चाकं दिसली, चारही दुसऱ्यांची. मग ती निळ्या बाटिक शोधू लागली आणि त्या सगळीकडे होत्या. शहाळं पिणारी निळी बाटिक, बायकोचा फोटो काढणारी निळी बाटिक, सावलीत घोरणारी निळी बाटिक. तिने हाक मारली की तिघं तिघं वळत आणि तिन्ही चेहरे परके. तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. स्वतःच शिवली ना, तिच्या मनात येत होतं. अकरा शिवल्या, घडी घालून, इस्त्री करून दिल्या. आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पोराला जाताना, वर खूश झाले.

सुरूच्या झाडांखाली बर्फाच्या कांड्या विकणारी एक म्हातारी बसायची. तिच्या गाडीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर अदिक बसला होता. डावा हात वर, एका निळ्या बाटिकच्या मुठीत. उजव्या हातात लाल घेवड्याच्या गोड रसाची बर्फकांडी, निम्मी हनुवटीवर. बाटिकवाला माणूस त्याच्याकडे पाठ करून, फोन कानाला लावून बोलत होता. "हो साहेब. नाही साहेब. ती फाइल दुसऱ्या कपाटात, साहेब. एक मिनिट, साहेब…"

झुरैदाने झडप घालून पोर ओढलं तेव्हा तो माणूस वळला. तिने आधी त्याचा चेहरा पाहिला नाही. तिला दिसला तो खिसा. खिशावरची जास्वंद मधूनच तुटली होती, अर्धं फूल सदऱ्यावर, अर्धं भलतीकडे. एवढा धडधडीत वाकडा खिसा! पण खिसा पुढे असतो, आणि तिने पाहिली होती पाठ.

त्या माणसाने खाली पाहिलं, अदिककडे, मग तिच्याकडे, मग आपल्या रिकाम्या हाताकडे. "अरे देवा. हे कोणाचं?"

"माझं!" झुरैदा किंचाळली. "तुम्हाला कळलं नाही? अर्धा तास परक्याचं पोर हातात धरून उभे आहात!"

"ताई, शपथ सांगतो," तो गृहस्थ रडकुंडीला आला. त्याचं नाव मझलान, कुवांतानच्या कचेरीतला, स्वतः पाच पोरांचा बाप. "साहेबांचा फोन होता. हातात हात आला. आमचा चौथा एवढाच आहे हो. मला वाटलं तोच. मी… थांबा, मग आमचा फारिस कुठाय?" त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने लगेच बायकोला फोन लावला. फारिस खोलीत झोपला होता. जेवल्यापासून झोपलेलाच होता.

"मी विचारलं होतं त्याला," म्हातारी म्हणाली, "पोराला कांडी देऊ का? मान हलवली. आमच्या काळी बाप पोराकडे एकदा तरी बघायचा."

तेवढ्यात बद्रुल धापा टाकत पोचला. त्याने अदिकला वर उचललं, छातीशी दाबलं, बर्फाचा लाल रस सगळा जास्वंदीवर पसरला. झुरैदाने अदिकच्या ढुंगणावर एक चापट मारली आणि लगेच तिथेच हात चोळला. मग तिचा आवाज फुटला.

"परक्या माणसाचं बोट धरतोस? बघायचं नाही? तुला अबाह ओळखता येत नाहीत?"

अदिकला कळेना आपलं काय चुकलं. त्याने ओठ काढले. "निळी बाटिक होती. तू सांगितलंस."

"अरे पण, एवढा वेळ? एकदाही कळलं नाही तुला?"

"मी हाक मारली ना," अदिक म्हणाला. "अबाह, अबाह म्हटलं. तर ते फोनवर बोलत होते. एक मिनिट म्हणाले. मग मला वाटलं, अबाहच."

मझलानने फोन खिशात घातला, त्या वाकड्या खिशात. म्हातारी उगीचच बर्फाचं झाकण पुसायला लागली. झुरैदाला आठवडाभर साठवलेलं सगळं बोलून टाकायचं होतं. शब्द तयार होते, अकरा वर्षांचे. पण तिनेही काचेच्या दारातून ती पाठ आणि तो कानाला लावलेला फोन पाहिला होता, आणि तिलाही तो आपलाच नवरा वाटला होता. पोराला रागवायला तिला तोंडच राहिलं नव्हतं. तिने नुसतं बद्रुलकडे पाहिलं. बद्रुल वाळूकडे बघत होता.

अलोंग अंगाहला ओढत तिथे पोचली. "इथून हलू नका म्हणालीस, पण अंगाहच्या नाकात काहीतरी गेलंय," तिने जाहीर केलं. आणि बद्रुलचा फोन वाजला.

बद्रुलने पाहिलं. तालमीचे साहेब. सवयीने त्याचं बोट वर निघालं, अर्ध्यात थांबलं आणि खाली आलं. त्याने फोन अलोंगच्या हातात दिला. "त्यांना सांग, अबाह समुद्रावर आहेत."

अलोंगने फोन कानाला लावला. "अबाह समुद्रावर आहेत. नाही, येणार नाहीत. टाळ्या दुसऱ्या कोणाला तरी द्या," आणि फोन बंद केला. तिला असं काम सांगितलेलं फार आवडे.

"जा तू," बद्रुल झुरैदाला म्हणाला. वर बघून नाही, पण म्हणाला. "तुझा तास झालेला नाही अजून."

ती आणखी काही ऐकायला थांबली नाही. थांबली असती तर बोलली असती. ती सरळ पाण्यात शिरली, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. पाणी वरवर कोमट आणि खाली गार होतं. तिथेच ती गळ्यापर्यंत बुडेल अशी खाली बसली. काठावरून अलोंगची हाक आली, "इबू! अंगाहच्या नाकात शंख आहे!" झुरैदा हलली नाही. ज्याची दुपार नव्हती त्याने बघावं. काय चडफड व्हायची ती तिची आतल्या आत होत होती, आणि पाण्यात ती कोणाला दिसत नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं.

थोड्या वेळाने तिने वळून पाहिलं. इतक्या लांबून काठावरच्या सगळ्या निळ्या बाटिक सारख्याच. पण तिचा नवरा तिला सापडला, कारण त्याच्या पोटावर बर्फाचा लाल डाग होता. त्याने अंगाहचं नाक मोकळं केलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अदिकपुढे हात केला, चल, पाण्यात जाऊ.

अदिकने लगेच हात दिला नाही. तो बद्रुलला वळसा घालून समोर आला, मान मागे टाकून वर बघत राहिला. बद्रुल तसाच उभा होता. मग त्याला कळलं. तो वाळूत गुडघे टेकून खाली बसला आणि आपला चेहरा पोराच्या चेहऱ्यासमोर धरला.

अदिकने नीट बघितलं. पुरती खात्री झाल्यावर त्याने बोट धरलं.